घटनास्थळ : मराठी मंडळाचा हॉल

श्रीपाद गर्गे यांनी पेपरची घडी घालून ती मांडीवर ठेवली, तेव्हाच विनोदिनीबाईंनी ओळखलं की आज कुठेतरी तक्रार जाणार. पेपर नुसता बाजूला टाकला तर बातमी फक्त वाईट असायची. घडी घातली म्हणजे ती श्रीपादरावांच्या सहनशक्तीपलीकडची असायची.

"जुगारघरं उघडणार म्हणे," ते म्हणाले. "भोपाळला विधानसभेत चर्चा चालू आहे. पर्यटनाच्या ठिकाणी परवाने देणार. आणि पुढचं ऐक. त्याच्या टॅक्समधून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना स्कॉलरशिप देणार. जुगाराच्या पैशावर पोलीस तयार करणार!"

"किती देणार?" आतून निहारिकेचा आवाज आला.

"किती देणार, हा प्रश्न आहे का?"

"बाबा, मला तर हाच प्रश्न आहे ना."

निहारिकेचं काही चुकत नव्हतं. उपनिरीक्षक व्हायचं तिनं शाळेत असल्यापासून ठरवलं होतं. रोज पहाटे ती मैदानावर धावून यायची, दिवसभर सामान्यज्ञानाची पुस्तकं पाठ करायची आणि लेखी परीक्षेत थोडक्यात राहायची. असं दोनदा झालं होतं. येणारी भरती ही शेवटची, त्यानंतर वयाची अट आडवी येणार होती. इंदूरला सहा महिने राहून क्लास लावला तर जमेल, असं सगळे म्हणत होते. पण वीज खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या श्रीपादरावांच्या पेन्शनीत इंदूरचा क्लास कुठल्याच बाजूने बसत नव्हता.

आशा होती ती मराठी मंडळाची. उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत मंडळाचा हॉल होता आणि मंडळाकडे 'कै. वामनराव दाते स्मृती पोलीस भरती शिष्यवृत्ती' होती. जुन्या काळी फौजदार असलेल्या वामनरावांची इच्छा होती की उज्जैनच्या मराठी पोरांनी खाकी घालावी. ती इच्छा अकरा वर्षं कागदावर पडून होती, कारण उज्जैनची मराठी पोरं पुण्याला जाऊन कॉम्प्युटरपुढे बसत होती. अर्जच येईना, म्हणून मंडळाने त्या पैशातून हॉलला दोनदा रंग दिला आणि एक वॉटर कूलर घेतला. बाराव्या वर्षी निहारिकेचा अर्ज आला, तेव्हा निधीत प्रामुख्याने थंड पाणी शिल्लक होतं.

महिला शाखेच्या अध्यक्ष विनोदिनीबाई. त्यांनी मनावर घेतलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येत्या रविवारी तंबोला ठेवायचा आणि तिकिटांचा पैसा शिष्यवृत्तीत घालायचा, असं ठरलं. छापील तिकिटं महाग पडतात म्हणून श्रीपादरावांनी तीन दुपारी बसून दोनशे तिकिटं स्वतः तयार केली. पट्टीने आखलेल्या लाल रेघा आणि निळ्या शाईतले आकडे. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचंच ते काम होतं.

तर, पेपरची घडी मांडीवर ठेवून श्रीपादरावांनी शासनाच्या तक्रार हेल्पलाइनला फोन लावला. माणसांवरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता, पण तक्रार क्रमांकावरचा अजून टिकून होता. गल्लीतला दिवा, नळाचा दाब, मोकाट गाई अशा एकतीस तक्रारी त्यांच्या नावावर होत्या. या हेल्पलाइनची गंमत अशी, की तक्रारदार जोवर 'मी संतुष्ट आहे' म्हणत नाही, तोवर तक्रार बंद होत नाही. ती एका अधिकाऱ्याकडून वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते आणि खालचा प्रत्येकजण बोलणी खातो. श्रीपादराव आजवर एकदाही संतुष्ट झाले नव्हते.

"प्रदेश में जुआ बढ़ रहा है, इस पर रोक लगनी चाहिए," त्यांनी सांगितलं.

"घटनास्थल बताइए, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

"पूरा मध्यप्रदेश."

"सर, पूरा प्रदेश नहीं आता सिस्टम में. ज़िला?"

"उज्जैन."

"वॉर्ड? लैंडमार्क? लैंडमार्क के बिना सेव नहीं होगा, सर."

गॅसचा सिलिंडर, विम्याची पत्रं, निहारिकेची परीक्षेची हॉल तिकिटं, गर्ग्यांच्या घरी आजवर जे जे आलं ते एकाच खुणेवर आलं होतं. श्रीपादरावांनी विचार न करता तीच सांगितली. "मराठी मंडल हॉल के पास."

"'के पास' का ऑप्शन नहीं है, सर. मैं मराठी मंडल हॉल डाल देती हूँ. कब होता है?"

"रोज होता है! और रविवार को मॅच रही, तो पूछिए ही मत. घर-घर में मोबाइल पे सट्टा."

"ठीक है, सर. रविवार को विशेष."

तक्रार क्रमांक आला. श्रीपादरावांनी तो वहीत उतरवला आणि चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातून हवालदार परमारचा फोन आला. आवाज इतका गरीब होता, की क्षणभर श्रीपादरावांना वाटलं याचीच काही तक्रार असावी.

"गर्गे साब, मौके पे हो आए. कुछ नहीं मिला. शिकायत कटवा दीजिए ना."

"काम झाल्याशिवाय मी संतुष्ट होनेवाला नहीं."

"साब, तीन बार गए. दो बार ताला था, एक बार भजन चल रहा था."

मौका म्हणजे घटनेची जागा, आणि ती अख्खं उज्जैन, अशाच समजुतीत श्रीपादराव होते. "आपको दिखता नहीं, क्योंकि आपको देखना नहीं है," ते कडाडले. "भजन के पीछे क्या चलता है, वो देखो!"

पलीकडे परमारने कागद चाळले. मग म्हणाला, "टीआय साब को नोटिस आ गया है ऊपर से. आप ही बता दो, कब जाएँ?"

"रविवार को शाम को जाओ. आणि आँखें खुली रखके जाओ!"

"अहो, कुणावर ओरडून राहिलात?" विनोदिनीबाईंनी कैऱ्या किसता किसता विचारलं.

"झोपलेल्यांना जागं करतोय," श्रीपादराव म्हणाले. त्या दिवशी ते जेवणही नीट जेवले.

रविवारी पाच वाजता हॉल भरला. चैत्रगौर झोपाळ्यात बसली, कैरीची डाळ आणि पन्हं फिरलं, चाळीसएक बायका तिकिटं नि पेन्सिली घेऊन सतरंजीवर सरसावून बसल्या. नंबर काढायचा मान अर्थातच निहारिकेला होता. रोज धावून तिचा दम असा तयार झाला होता, की माइकची गरज पडत नव्हती. ती तांब्याच्या लोट्यात हात घालून चिठ्ठी काढायची आणि खणखणीत ओरडायची. पहिल्या ओळीतल्या ब्याऐंशी वर्षांच्या अक्कांचं तिकीट भरत आलं होतं.

"माझा एकच राहिलाय," अक्कांनी जाहीर केलं. "सत्तेचाळीस. जरा हलवून काढ गं."

त्याच वेळी दारातून ठाण्याचे टीआय, म्हणजे मुख्य निरीक्षक, शैलेंद्रसिंह, हवालदार परमार, एक महिला शिपाई आणि मोबाइल उंच धरलेला एक तरुण शिपाई आत आले.

आता इथे जे झालं त्याला जबाबदार मंडळाचे सचिव मधुकरराव. 'शिष्यवृत्तीचा कार्यक्रम आहे, तर कुणी पोलीस अधिकारी पाहुणे म्हणून मिळतात का पाहतो,' असं ते आठवडाभर म्हणत होते. त्यामुळे खाकी दिसताच बायकांनी टाळ्या वाजवल्या. टीआयना कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी नारळ दिला. महिला शिपायाला हळदकुंकू लावून ओटीत हरभरे घातले. टीआय काही बोलायला तोंड उघडतात तोवर विनोदिनीबाईंनी पन्ह्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम, हम रेड डालने आए हैं," ते म्हणाले.

"हो हो, डालिए ना. पहले पन्हा लीजिए, धूप से आए हैं."

उन्हाची वेळ होती. टीआयनी अर्धा ग्लास घेतला. तरुण शिपायाने नियमाप्रमाणे फोटो काढले. त्यावर जागा, तारीख, वेळ आपोआप उमटते आणि फोटो काढल्याबरोबर थेट वर जातो. मग त्याने ते साहेबांना दाखवले. पहिल्या फोटोत आकड्यांचा फळा, दुसऱ्यात पैशांचा स्टीलचा डबा आणि तिसऱ्यात मधोमध, एका हातात नारळ नि दुसऱ्या हातात ग्लास घेतलेले टीआय शैलेंद्रसिंह. टीआयनी ग्लास हळूच खाली ठेवला. आता गुन्हा नोंदवल्याशिवाय त्यांचीही सुटका नव्हती.

"पर्ची मिली, कैश मिला, नंबर मिले," ते पडेल आवाजात म्हणाले. "मॅडम, ये जुआ है."

"जुआ?" विनोदिनीबाई हसल्या. "अहो भाईसाब, हे हळदीकुंकू आहे! और पैसा तो पोलीस की स्कॉलरशिप का है!"

"किसने शिकायत की, मालूम है?" टीआयनी घडी केलेला कागद उघडला. "लेवल तीन तक गई है. आदमी मानता ही नहीं. शिकायतकर्ता, श्रीपाद गर्गे."

चाळीस माना विनोदिनीबाईंकडे वळल्या.

"हे तर आमचेच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. "अहो, जरा हॉलवर या. पोलीस आलेत."

"आले?" पलीकडून श्रीपादरावांचा आनंदी आवाज सगळ्यांनी ऐकला. "वा! शेवटी आले तर!"

पाच मिनिटांत ते पोचले. इस्त्रीचा सदरा घालून, खिशात तक्रारींची वही घेऊन. कागद वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद कसा उतरत गेला, ते सांगवत नाही. घटनास्थळ, मराठी मंडल हॉल. दिवस, रविवार विशेष. परमार मागून समजुतीच्या सुरात म्हणाला, "आपने ही तो टाइम दिया था, साब."

"अहो, माझ्याकडे बघून सांगा," विनोदिनीबाई म्हणाल्या. "मी जुगारी आहे का?"

श्रीपादराव खरं बोलणारे होते, हाच त्यांचा घात होता. "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर..."

"पाहू नका!"

"साब, शिकायत वापस लेता हूँ," श्रीपादराव घाईघाईने टीआयना म्हणाले. "गलती हो गई. असत्य लिख दीजिए."

"अब नहीं होगा. फोटो ऊपर गए. असत्य लिखूँ तो पूछेंगे, फोटो में क्या है? और मैं उसमें क्या कर रहा हूँ?" टीआयनी कपाळ पुसलं. "एक नाम तो लगेगा. कायदे से जो नंबर निकालता है, वही संचालक. नंबर कौन निकाल रहा था?"

चाळीस बायका आपापल्या तिकिटांत पाहू लागल्या. पण लोटा निहारिकेच्या हातात होता, आणि तिचा उजवा हात अजून लोट्यात होता.

"सर, मेरे भरती फॉर्म में कॉलम है," ती म्हणाली. एरवी मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा तिचा आवाज आता समोरच्यालाही ऐकू येईना. "'आपराधिक प्रकरण, हाँ या नहीं.' मुझे 'हाँ' लिखना पड़ेगा क्या?"

टीआय हातातल्या नारळाकडे पाहू लागले. त्यांनाही त्या वयाची मुलगी असावी. पोरीचे दोन प्रयत्न, पहाटेचं धावणं, पायाला आलेले फोड, हे सगळं आपण एका फोनने मातीत घातलं, हे श्रीपादरावांना त्या क्षणी कळलं आणि त्यांना रडू येईल असं वाटलं. पण चाळीस बायकांसमोर रडायची त्यांना सवय नव्हती.

"माझं नाव घाला," अक्का म्हणाल्या. "मला काय होणार आहे? पण आधी नंबर काढा."

"अम्मा, आपका मेडिकल कराना पड़ेगा, फिर ऊपर से पूछेंगे बुज़ुर्ग को क्यों पकड़ा."

"मग माझं लिहा," विनोदिनीबाई पुढे झाल्या. "मैं अध्यक्ष हूँ."

"वहिनी, नका!" मधुकरराव आता कुठे कोपऱ्यातून बोलले. "अध्यक्षांवर केस झाली तर मंडळाचं रजिस्ट्रेशन जाईल. हॉल जाईल."

टीआयनी सतरंजीवरचं एक तिकीट उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. "ये छपा हुआ नहीं है. हाथ का है. बड़ी सफाई से बनाया है. किसने?"

श्रीपादरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यात त्यांनी केलेल्या कामाचं एका अधिकाऱ्याने असं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं.

"मैंने," ते म्हणाले. "दोनशेच्या दोनशे. लाल रेघा, नीली स्याही. घर पे पट्टी और दौत सबूत में मिल जाएगी. जो टिकट बनाता है, वो संचालक नहीं क्या?"

"बाबा, नाही!" निहारिका म्हणाली.

"तू गप बस. तुझा फॉर्म साफ राहिला पाहिजे." मग टीआयकडे वळून, "लिखो साब. गर्गे, श्रीपाद केशव. वय सदुसष्ट."

टीआय गोंधळले. "पर आप तो शिकायतकर्ता हैं. वही आदमी आरोपी कैसे?" त्यांनी परमारकडे पाहिलं. "सिस्टम लेगा?"

"लेगा, साब," परमार म्हणाला. "दोनों के खाने अलग-अलग हैं."

तासाभरात पंचनामा झाला. दोनशे तिकिटं, आकड्यांचा फळा, तांब्याचा लोटा आणि पैशांचा डबा 'जुगारातील ऐवज' म्हणून जप्त झाला. म्हणजे शिष्यवृत्तीही गेली. अक्कांनी लोट्यातली एक चिठ्ठी मागितली, ती पुराव्यात मोडते म्हणून मिळाली नाही. जामीन ठाण्यातच झाला. त्या कागदावर मधुकररावांनी सही केली, आणि जाताना टीआय नारळ विसरले म्हणून विनोदिनीबाईंनी तो गाडीपर्यंत नेऊन दिला. घरी आल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही. उरलेली डाळ फ्रिजमध्ये ठेवली गेली, ती पुढे आंबून गेली.

गुरुवारी पेपर आला. विधानसभेतली चर्चा अजून चालू होती. जुगारघरांच्या बाजूने बोलणाऱ्या एका सदस्यांनी आकडेवारी मांडली होती. जुगारावरच्या कारवाया यंदा वाढल्यात, उज्जैनसारख्या ठिकाणी तर सदुसष्ट वर्षांचे निवृत्त कर्मचारी महिलांना जमवून अड्डे चालवतात. लोक खेळणारच, तर मग परवाना देऊन टॅक्स का घेऊ नये? सभागृहाने बाकं वाजवली होती. निहारिकेने बातमी दोनदा वाचली आणि श्रीपादरावांच्या हाती न देता पेपर गादीखाली घातला. पण त्यांनी तो तिथून काढून वाचला. वाचून झाल्यावर घडी घातली नाही. नुसता धरून बसले.

"बाबा, त्या टॅक्सवाल्या स्कॉलरशिपचा फॉर्म निघेल तेव्हा निघेल," निहारिका बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली. "तोवर मी घरीच करते. होऊन जाईल."

होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. श्रीपादरावांनी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, शासन की हेल्पलाइन से बोल रही हूँ. आपकी जुए वाली शिकायत पर कार्यवाही हो गई है. एक आरोपी, श्रीपाद केशव गर्गे, उम्र सड़सठ वर्ष, पर प्रकरण दर्ज किया गया है. क्या आप कार्यवाही से संतुष्ट हैं?"

श्रीपादरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, अगर संतुष्ट नहीं हैं, तो शिकायत लेवल चार पर जाएगी. दोबारा जाँच होगी, कि मौके पर और कौन-कौन था."

निहारिका दारात थबकली होती. एका पायात बूट, दुसरा हातात. श्रीपादरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला हातानेच खूण केली, की तू जा, ऊन होईल.

"हाँ," ते म्हणाले. "संतुष्ट."

"सर, रिकॉर्डिंग के लिए पूरा वाक्य बोलना होगा. अपने नाम के साथ, और आरोपी के नाम के साथ."

श्रीपादराव खुर्चीत सरळ बसले, घसा खाकरला आणि एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाले, "मैं, श्रीपाद केशव गर्गे, श्रीपाद केशव गर्गे पर हुई कार्यवाही से पूर्णतः संतुष्ट हूँ."